एकट्या दर्यावर्दीचा बेटावरील मुक्काम

ह्या वर्षीच्या व्याख्यानमालेची पत्रिका वाटली गेली, तेव्हा बाजार समितीच्या आवारात एका जुन्या हमाल साथीदाराने मला अडविले. “काहून भाऊ, मजुराचं सोडून हे समुद्राचं कोठचं काढलं?” त्याचा प्रश्न रास्त होता. तेल्हाऱ्याहून समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास दूर. मी स्वतः तो आजवर तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा मोर्चासाठी मुंबईस गेलो असताना. मोर्चा आटोपला की आझाद मैदानावरून चालत जाऊन कठड्यावर तासभर बसावयाचे, आणि रात्रीच्या गाडीने अकोल्यास परत. एवढीच माझी आणि समुद्राची समोरासमोर ओळख. बाकीची सगळी पुस्तकांतली. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी जिनातल्या नोकरीत असताना शब्दकोश पुढे ठेवून शिकलो, आणि त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर जे पहिले जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचले, ते जोशुआ स्लोकम ह्या खलाशाचे प्रवासवर्णन होते. त्याला दीड वर्ष लागले. स्लोकमला सगळी पृथ्वी फिरून यावयास तीन वर्षे लागली होती, तेव्हा माझा वेग काही वाईट म्हणता येणार नाही.

त्या साथीदाराला मी एवढेच सांगितले, की बाबा, विषय मजुराचाच आहे. हा मजूर होडीत बसलेला आहे इतकेच.

आधी आपल्या मराठी माणसाची हकिगत सांगतो. भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ नावाच्या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटे निघाले, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी मुंबईस परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात लढलेले हे वृद्ध सेनानी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत, आणि २०१८ साली वारले. नौका बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरील आपल्या कारखान्यात. त्याच मांडवीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. नाव तेथून आले.

पुढे ह्याच नौकेतून अभिलाष टॉमी हे नौदलातील दुसरे अधिकारी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. आता हिशेब पाहा. नौका तीच, माणूस दोन्ही वेळा एकच, वाटही जवळजवळ तीच. एका फेरीला नऊ महिने लागले, दुसरीला पाच. मधले चार महिने कोठे गेले? ते मुक्कामात गेले. दोंदे चार ठिकाणी थांबले : ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडात लिटलटन, दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली, आणि आफ्रिकेच्या टोकाशी केप टाऊन. ह्यांतील दोन मुक्काम बेटांवरचे.

वर्तमानपत्रांतून आपण जे वाचतो ते वादळांविषयी. डोंगराएवढ्या लाटा, केप हॉर्न, फाटलेली शिडे. मुक्कामाविषयी एक ओळ असते : “अमुक बंदरात विश्रांती घेऊन नौका पुढे निघाली.” ह्या ‘विश्रांती’ शब्दाविषयी मला आज बोलावयाचे आहे. आयुष्याची पस्तीस वर्षे मी कामाचे तास मोजण्यात घालविली आहेत. जेथे कोणी ‘विश्रांती’ म्हणतो, तेथे नक्की काय चालले होते ते जवळ जाऊन पाहावे, अशी मला खोड लागली आहे.

प्रथम, थांबावे का लागते? पहिले कारण हंगाम. पृथ्वीच्या दक्षिण भागात चाळीस ते साठ अक्षांशांच्या दरम्यान जमीन जवळजवळ नाहीच. पश्चिमेकडून सुटलेला वारा पृथ्वीभोवती अडथळ्याविना फिरतो, आणि लाटाही त्याच्याबरोबर वाढत जातात. दक्षिण अमेरिकेचे शेवटचे टोक, केप हॉर्न, ओलांडावयाचे तर ते तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात. उलट मॉरिशसच्या बाजूला नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचे दिवस. म्हणजे दर्यावर्दीचे पंचांग आपल्या शेतकऱ्यासारखेच. लवकर पोहोचला तर थांबा, उशीर झाला तर चुकला. स्लोकमने १८९७ च्या सप्टेंबरात मॉरिशस गाठले, तेव्हा आफ्रिकेच्या टोकाशी अजून हिवाळी वादळे होती. तो ऑक्टोबराच्या अखेरपर्यंत तेथेच राहिला. दुसरे कारण म्हणजे नौका झिजते, आणि माणूसही.

माणसाचे आधी सांगतो. एकटा दर्यावर्दी समुद्रावर आपल्यासारखा रात्रभर झोपत नाही. वीस मिनिटे, अर्धा तास, फार तर तासभर. मग उठून क्षितिजावर दिवा दिसतो का, वारा फिरला का, हे पाहावयाचे आणि पुन्हा पडावयाचे. महिना-दीड महिना असे काढल्यावर तो बेटावर उतरतो. लोकांना वाटते, आता हा दोन दिवस गाढ झोपेल. परंतु अंगाला लागलेले वळण सुटत नाही. कोरड्या गादीवरही तो दर अर्ध्या तासाला दचकून उठतो. जमीन हलते असे वाटते. रात्रपाळी करणाऱ्या आपल्या कामगाराला सुट्टीच्या रात्री झोप का येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

शिवाय उतरताक्षणी झोपता येतेच असे नाही. परदेशी बंदरात शिरताना नौकेवर पिवळे निशाण लावावे लागते. त्याचा अर्थ, आम्ही आलो आहोत, तपासणी करा. मग आरोग्य खात्याचा माणूस, जकातीचा माणूस, पारपत्र पाहणारा माणूस. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ह्या बाबतीत फार कडक शिस्त आहे. बाहेरचे किडे-रोग आपल्या शेतीत येऊ नयेत म्हणून ताजी फळे, मध, उगवू शकणारे कडधान्य हे सारे काढून घेतात किंवा मोहोरबंद करतात. समुद्रावर जपून जपून शिल्लक ठेवलेला मुगाचा डबा धक्क्यावर जप्त व्हावा, ह्याचे दुःख काय असेल! जहाजावर ही कागदपत्रे कारकून करतो. येथे कारकूनही तोच आणि कप्तानही तोच.

मग कामाला आरंभ. मी निरनिराळ्या पुस्तकांतून ह्या कामांचे टिपण काढले आहे. नौकेचा तळ पाण्याखाली असतो, त्याला शेवाळ आणि बारीक शिंपले घट्ट चिकटतात. ते खरवडले नाहीत तर वेग मंदावतो. त्यासाठी नौका पाण्याबाहेर काढावी लागते, किंवा भरती-ओहोटी पाहून उथळ जागी टेकवावी लागते. म्हणजे काम ओहोटीच्या वेळी, मग ती पहाटे तीनला येवो. डोलकाठीवर चढून प्रत्येक तार, प्रत्येक खिळा हाताने चाचपावा लागतो. म्हादेईसारख्या नौकेची डोलकाठी पाच-सहा मजली इमारतीहून उंच. शिडे खाली काढून पसरावयाची, शिवण उसवली असेल तेथे जाड सुईने टाके घालावयाचे. हे काम हाताला भोके पाडते. इंजिनाचे तेल बदलणे, वीज साठविणाऱ्या बॅटऱ्या तपासणे, सुकाणूचे सांधे उघडून पाहणे. आत ओल धरलेली असते. गाद्या, कपडे, नकाशे वाळत घालावयाचे. आणि बेटावर पाऊस आला की धावत जाऊन पुन्हा आत भरावयाचे, हे आमच्या बायकांना वेगळे सांगावयास नको.

आणि पाणी! ह्या ठिकाणी तेल्हाऱ्याच्या माणसाने कान टवकारावेत. आपल्या तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात घालवत नाही; हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. दर्यावर्दीचे दुःख तेच, फक्त विहीर फार मोठी. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज तीन-चार लिटर गोडे पाणी धरले, तरी तीन महिन्यांच्या पल्ल्यासाठी तीनशेहून अधिक लिटर भरून घ्यावे लागते. आजच्या नौकांवर खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र असते. आपल्या गावांत जी पाणी शुद्ध करण्याची केंद्रे झाली, त्यांचेच तत्त्व, पडद्यातून दाबाने पाणी गाळणे. परंतु यंत्र बिघडते. म्हणून शहाणा माणूस टाक्या भरूनच निघतो, आणि काही पाणी वेगळ्या डब्यांत ठेवतो. एक टाकी नासली तरी दुसरी असावी.

आता पोर्ट स्टॅन्लीविषयी थोडे थांबून सांगतो, कारण हा मुक्काम मला सर्वांत बोलका वाटतो. फॉकलंड बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात. १९८२ साली त्यांच्यावरून ब्रिटन व अर्जेंटिना यांचे युद्ध झाले. सगळ्या बेटांवर मिळून लोकवस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एका मोठ्या खेड्याएवढी, आणि मेंढ्या लाखांनी. झाडे जवळजवळ नाहीत, कारण वारा उगवू देत नाही. तेथे मेंढीच्या मटणाला लोक विनोदाने ‘तीनशे पासष्ट’ म्हणतात. वर्षाचे सर्व दिवस तेच ताटात येई म्हणून. युद्धातील पेरलेले सुरुंग पुढे बरीच वर्षे तारेच्या कुंपणाआड तसेच होते. पेंग्विन पक्षी वजनाने हलके, ते त्यांवरून खुशाल चालत. २०२० साली ते सुरुंग काढून संपले. दोंदे २०१० च्या आरंभी तेथे गेले तेव्हा ती कुंपणे होती.

परंतु मला ज्याचे महत्त्व वाटते ते वेगळेच. एकोणिसाव्या शतकात केप हॉर्नशी झुंजून मोडलेली जहाजे लंगडत स्टॅन्लीला येत. आसपास शेकडो मैल दुसरे बंदर नाही. त्यामुळे दुरुस्तीचा दर बंदरातले लोक सांगतील तो. कित्येक मालकांना दुरुस्तीपेक्षा जहाज तेथेच टाकून देणे परवडे. त्या जहाजांचे सांगाडे अजून त्या खाडीत पडलेले आहेत. ‘ग्रेट ब्रिटन’ हे प्रसिद्ध लोखंडी जहाज असेच तेथे येऊन अडकले. कित्येक वर्षे गोदाम म्हणून वापरले गेले, मग जवळच्या खाडीत बुडवून ठेवले, आणि १९७० साली इंग्लंडला परत नेले गेले. एकच दुकान असलेल्या गावात उधारी करणाऱ्या मजुराची जी गत, ती त्या कप्तानांची.

दोंदे यांच्यामागे नौदल होते. मुक्कामाचे दिवस त्यांच्या पगारात धरलेले होते, सुटे भाग पाठविणारे कोणी होते, आणि किनाऱ्यावरून मदत करणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. दोंदे स्वतःही ही विद्या अशीच शिकले. आपल्या सफरीची तयारी करताना, २००६ साली, ते स्पेनमध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्या इंग्रज दर्यावर्दीच्या हाताखाली काम करावयास गेले. १९६९ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा जगातला पहिला माणूस तो. तो एका शर्यतीस निघण्याच्या तयारीत होता, आणि दोंदे त्याच्या नौकेवर धक्क्यावरची कामे करीत होते. म्हणजे ह्या एकेकट्या वीरांची शाळा पाहिली तर ती दुसऱ्याच्या नौकेवरची हमाली आहे. कोणत्याही जिनातला चांगला फिटर मला दाखवा. तो दुसऱ्या फिटरच्या हाती पाना देत देतच तयार झालेला असतो.

ह्याच बंदरात २०१८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ नौका घेऊन सुमारे दोन आठवडे होत्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख. ही नौकाही दांडेकरांच्याच कारखान्यातली. सहाजणी असल्या म्हणजे एक डोलकाठीवर चढते, दुसरी खालून दोर धरते, तिसरी बाजारात जाते. एकट्याला वर चढावयाचे तर दोर धरावयास कोणाला तरी हाक मारावी लागते. मुक्कामात त्याला पहिली गरज लागते ती दोर धरणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस अनोळखी असतो.

ज्याच्यामागे नौदल नाही, पगार नाही, त्याने काय करावे? ह्यासाठी मी पुन्हा स्लोकमकडे वळतो. जोशुआ स्लोकम १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशियात जन्मला. बाप बूट शिवणारा. दहाव्या वर्षी पोराला शाळेतून काढून बूट शिवण्यास बसविले. पुढे तो पळून समुद्रावर गेला. एकावन्नाव्या वर्षी, २४ एप्रिल १८९५ रोजी, बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी परत आला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला. त्याची ‘स्प्रे’ नौका म्हणजे शेतात पडलेले एक जुने होडके. ते त्याने स्वतः नव्याने बांधले. त्याचा खर्च त्याने पुस्तकात दिला आहे : सामानाचे ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि स्वतःची तेरा महिन्यांची मेहनत. सेंटपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या ह्या माणसाने आपल्या मेहनतीपुढे मात्र आकडा लिहिलेला नाही. मी त्या पानावर पेन्सिलने खूण करून ठेवली आहे.

त्याला बंदरोबंदरी पोट भरावे लागे. ह्वान फर्नांडिस बेटावर त्याने कॉफी आणि चरबीत तळलेले गोड वडे करून खिलविले, ते करावयास बेटवाल्यांना शिकविले आणि आपल्याजवळची चरबी त्यांना विकली. लोकांनी बुडालेल्या जहाजातून मिळालेली जुनी नाणी मोबदल्यात दिली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला बंदराची पट्टी अंगावर बसली, तेव्हा त्याने नौका पाहावयास माणशी सहा पेन्स लावले. पुढे मोठा आधार झाला तो व्याख्यानांचा. श्रोतेहो, मॉरिशसच्या पोर्ट लुई शहरात हा चांभाराचा मुलगा तेथल्या नाट्यगृहात उभा राहून बोलला. त्या वेळी त्या बेटावर कोकणातून उसाच्या मळ्यांत नेलेल्या मराठी मजुरांची कुटुंबे राहत होतीच. आजही मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. त्या नाट्यगृहात मात्र मळ्यातला मजूर कोणी बसला असेल असे मला वाटत नाही.

स्लोकमचा सर्वांत सुंदर मुक्काम कीलिंग किंवा कोकोस बेटांवरचा. हिंदी महासागरात प्रवाळांच्या कड्यासारखी ही चिमुकली बेटे. १७ जुलै १८९७ ला तो तेथे पोहोचला आणि २२ ऑगस्टला निघाला, म्हणजे पाच आठवडे. त्या आधी तेवीस दिवसांच्या पल्ल्यात त्याने सुकाणूला जेमतेम तीन तास हात लावला होता. नौका इतकी बेताची जुळली होती, की सुकाणू बांधून ठेवले की आपली आपण चाले. गंमत अशी, की समुद्रावर तीन तास काम आणि ‘विश्रांती’च्या बेटावर पाच आठवडे कष्ट! नौकेच्या पोटात समतोल राखण्यासाठी वजन ठेवावे लागते. ते सिमेंटचे होते. ते त्याने काढून टाकले आणि त्याऐवजी तेथले माणसाला उचलवणार नाहीत असे प्रचंड शिंपले भरले. फटींना डांबर घातले. त्याच वेळी तो बिस्किटाला काळ्या फळांचा मुरंबा लावून खात होता, ते बेटावरच्या पोरांनी पाहिले, आणि “कप्तान डांबर खातो!” म्हणून ओरडत ती पळाली.

ह्याच मुक्कामात तो मरता मरता वाचला. बेटावरच्या एका मोडक्या होडक्यातून एका सोबत्यासह जात असता वाऱ्याची झडप आली, शिडाच्या चिंध्या झाल्या. वल्ही नव्हती. नांगर होता, पण त्याला बांधावयास पुरेशी दोरी नव्हती. वारा खुल्या समुद्राकडे ढकलीत होता, आणि त्या बाजूची पहिली जमीन म्हणजे तीन हजार मैलांवरची आफ्रिका. होडक्यात पाण्याचा थेंब नाही. हाती एक काठी लागली. तिनेच वल्हवीत, सगळा जीव लावून, त्याने होडके उथळ पाण्यात आणले आणि मग तळाला टेकवीत टेकवीत किनाऱ्याला. केप हॉर्नच्या बाजूची वादळे आपल्या नौकेवर झेललेला माणूस परक्याच्या होडक्यात, शांत खाडीत, असा जात होता. हे वाचले तेव्हा मला आमच्याकडचे अपघात आठवले. भर हंगामात, सगळे सावध असताना, हात क्वचित जातो. तो जातो साफसफाईच्या दिवशी, पट्टा काढलेला असताना, कोणीतरी न विचारता कळ दाबतो तेव्हा.

त्या बेटांविषयी स्लोकमचे एक म्हणणे मात्र मला मान्य नाही. त्याला ती बेटे पृथ्वीवरचा स्वर्ग वाटली. सुखी माणसे, गोड मुले, नारळाची झाडे. ती बेटे क्लुनीज-रॉस नावाच्या एका कुटुंबाची होती आणि सगळी माणसे त्याच्या नारळाच्या बागेतली मजूर. पुढे कित्येक वर्षे त्यांची मजुरी ह्या कुटुंबाच्या स्वतःच्या टोकनांत मिळे, आणि ती टोकने त्याच कुटुंबाच्या दुकानात चालत. १९७८ साली ऑस्ट्रेलियाने ती बेटे विकत घेतली, आणि १९८४ साली तेथल्या रहिवाशांनी मतदान करून ऑस्ट्रेलियात सामील होण्याचे ठरविले. पाच आठवडे राहिलेल्या पाहुण्याला दुकान दिसते, टोकन दिसत नाही. स्लोकमला दोष देत नाही. त्याच्या हाताला डांबर लागलेले होते. पण एवढा हिशेबी माणूस, त्याने एकदा विचारावयास हवे होते.

मुक्कामाच्या रात्रींबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. नौका धक्क्याला बांधलेली असेल तर वारा वाढला की दोर घासतात. एकेक दोर तपासून, घासेल तेथे चिंधी गुंडाळावी लागते. नांगरावर असेल तर आणखी कठीण, कारण नांगर सरकतो. किनाऱ्यावर कोणी प्रेमाने जेवावयास बोलावतो. हा जातो, आणि सगळा वेळ त्याचे लक्ष खिडकीबाहेर झाडाच्या शेंड्यांकडे. पानांचा आवाज वाढला की हात धुऊन निघाला. यजमानाला वाटते, माणूस तुसडा आहे. शिवाय पाहुण्यांची रीघ. शाळेतली मुले, वार्ताहर, गावातले प्रतिष्ठित. ‘एकटे असताना भीती वाटत नाही का?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा. सामोआ बेटावर तर होडीतून आलेल्या बायांनी स्लोकमवर चक्क आरोप केला, की तुझ्याबरोबर दुसरी माणसे असणार आणि ती तू खाल्लीस! त्यांना असे वाटणारच. एवढे लांब एकटा माणूस कशाला येईल? सेंट हेलेना बेटावर कोणी भेट म्हणून बकरी दिली; ती नौकेवर येऊन त्याचा वेस्ट इंडीजचा नकाशा आणि गवती टोपी खाऊन बसली. पुढच्या बेटावर त्याने तिला उतरवून दिले.

आता मी हे सगळे का गोळा करीत बसलो, ते सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी ज्या जिनात होतो, तेथे हंगाम संपला की आम्हां सरकीकडच्या व गाठींकडच्या लोकांना कमी करीत. चार-पाच माणसे तेवढी देखभालीला ठेवीत, अर्ध्या पगारावर. मालकाचे म्हणणे, जिन बंद आहे, हे बसून खातात, अर्धा देतो हेच उपकार. खरे सांगावयाचे तर मलाही तसेच वाटे. आम्ही घरी बसलेले; त्या पाच जणांचा आम्हांला हेवाच वाटे. संघटनेच्या सभेत त्यांच्या पगाराचा प्रश्न निघाला, तेव्हा पहिला विरोध मीच केला. त्या उन्हाळ्यात मी स्लोकमचे कीलिंगचे प्रकरण वाचीत होतो. शब्दकोशामुळे वेग इतका मंद, की प्रत्येक काम स्वतः केल्यासारखे वाटे. एके दिवशी सहज जिनात गेलो आणि पाहत बसलो. मग वही घेऊन पंधरा दिवस गेलो. रेच्यांचे रोलर उतरविले, झिजलेले चामडे बदलले, खाचा पुन्हा पाडल्या. धारवाले पाते घासून सरळ केले. दट्ट्याच्या पंपाचे तेल काढले. गोदामावरचे पत्रे पावसाआधी पालटले. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आणि डोक्यावर मे महिन्याचे पत्रे. हे सगळे तारीखवार, तासवार लिहिले. पुढच्या बोलणीत ती वही टेबलावर ठेवली.

पगार लगेच पुरा झाला नाही. त्याला आणखी दोन हंगाम लागले, आणि त्या दरम्यान त्या पाचांतला एक जण कंटाळून सुरतेला निघून गेला. त्याच्या बाबतीत मी पहिल्या सभेत जे बोललो होतो, ते त्याने ऐकलेले होते.

तर असा हा मुक्काम. तो संपत आला की शेवटचे दोन दिवस कामाचा क्रम ठरलेला असतो. पाणी सगळ्यात शेवटी भरावयाचे, म्हणजे ताजे राहते. भाकरी-पाव, अंडी, भाजी, बटाटे त्याच दिवशीचे. अंड्यांना तेल किंवा चरबी चोळून ठेवली तर ती कित्येक आठवडे टिकतात. उधारी चुकती करणे, कागदपत्रांवर शिक्के, घरी पत्र. हवामानाचा अंदाज पुन्हा पुन्हा पाहणे. वारा अनुकूल नसेल तर सगळे बांधूनसवरून आणखी तीन दिवस बसणे. हे दिवस सर्वांत जड जातात, कारण करावयास काही उरलेले नसते. मग एखाद्या पहाटे ओहोटी आणि वारा दोन्ही जुळतात. धक्क्यावर कोणी ना कोणी उभा असतो. बंदरावरचा नोकर असेल, कोळी असेल, दोन आठवड्यांपूर्वी डोलकाठीचा दोर धरलेला कोणी असेल. तो खुंट्यावरचा शेवटचा दोर सोडतो, गुंडाळून नौकेवर फेकतो, आणि नौका खाडीच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच आपल्या कामाला परत वळलेला असतो.